डोकं घरी ठेवून येणार नाही: युद्धपट बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शिवकालीन युद्धपट बनवणारे निर्माते, दिग्दर्शक, फाइटमास्टर आणि संकलक यांस,

सप्रेम नमस्कार.

‘देमारपट आहे, डोकं घरी ठेवून या.’ लढाई नीट दिसली नाही अशी तक्रार केली की गेली काही वर्षं तुमच्याकडून हे एकच उत्तर मिळतं. मुलाखतीत मिळतं, प्रसिद्धीच्या कार्यक्रमात मिळतं, आणि आता तर चित्रपट यायच्या आधीच मिळायला लागलं आहे. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. का नाही आणि त्याऐवजी काय हवं, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अतिशयोक्तीशी आमचं भांडण नाही. आम्ही पोवाड्यावर वाढलेली माणसं. तुळशीदास शाहिराच्या सिंहगडाच्या पोवाड्यात यशवंती घोरपड कडा चढते, तेव्हा ऐकणारा घोरपडीच्या ताकदीचा हिशेब मागत नाही. एकट्याने पन्नास लोळवावेत, फेकलेल्या भाल्याने ढालीसकट माणूस मागे जावा, घोड्याने दरी ओलांडावी, सगळं चालेल. चालेल कसलं, तेच बघायला आम्ही पहिल्या आठवड्यात तिकीट काढतो. पण शाहीर झेप घेण्याआधी कडा उभा करतो, रात्र उभी करतो, खाली थांबलेली माणसं दाखवतो. ऐकणारा त्या जागी जाऊन उभा राहिला की मग डफावर थाप पडते. तुमच्या चित्रपटात थाप आहे, झेप आहे, कडाच नाही. डोकं घरी ठेवून आलेल्या माणसाला झेपही कळत नाही, कारण ती किती मोठी होती हे ठरवायला डोकंच लागतं.

आमचा यात जीव का अडकलाय, तेही सांगतो. मोठ्या पडद्यावरच्या लढाया मराठीत बहुतेक या एकाच विषयावर निघतात. बाजीप्रभू, तानाजी, मुरारबाजी ही नावं पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर कशी उभी राहणार, हे आता पाठ्यपुस्तकापेक्षा तुमच्या कॅमेऱ्यावर जास्त ठरतं. म्हणून हे हलक्यात घेता येत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार जागेची.

१३ जुलै १६६०. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे, पावसात, रात्रभर चाल. घोडखिंडीत बाजीप्रभू मूठभर मावळ्यांनिशी थांबतात आणि महाराज गडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत वाट अडवून धरतात. लढाईचं दृश्य लिहिणाऱ्याला यापेक्षा तयार माल जगात कुठे मिळणार? खिंड अरुंद आहे, हेच तिथलं खरं शस्त्र. शत्रू हजारोंनी असला तरी एका वेळी पुढे येऊ शकतात ते चारदोनच. आणि तोफ हे घड्याळ आहे, ती वाजेपर्यंत टिकायचं. आता तुम्ही ही लढाई हिरव्या पडद्यासमोरच्या सपाट मैदानावर घेतली, नायकाला चारी बाजूंनी वेढा दिला आणि शत्रूचे सैनिक आपापली पाळी येईपर्यंत तलवारी नाचवत उभे केले, की खिंड संपली. मग तीनशे जणांनी थोपवलं याला अर्थच उरत नाही. जो पराक्रम जागेमुळे शक्य झाला, तो जागा काढून घेतल्यावर नुसता आरडाओरडा होतो.

उपाय महाग नाही. लढाई सुरू होण्यापूर्वी अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी दाखवा: शत्रू कुठून येणार, आपले कुठे उभे आहेत, आणि कुठपर्यंत मागे सरलं म्हणजे हरलो. मग कॅमेऱ्याची बाजू ठरवून घ्या. विशाळगड चौकटीच्या उजवीकडे ठरला तर शेवटपर्यंत उजवीकडेच. कॅमेरा लढाईच्या पलीकडच्या बाजूला न्यायचाच असेल तर तो चालत्या शॉटमध्ये न्या, प्रेक्षकाला बरोबर घेऊन. एवढं पाळलं की मावळ्यांची फळी चार पावलं मागे आली तरी थिएटरमध्ये श्वास अडकतो. ‘शोले’तली मालगाडीवरची मारामारी १९७५ची, पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर सात आठवड्यांहून जास्त काळ चित्रित झालेली. इतक्या धुमश्चक्रीत ती आजही स्वच्छ कळते, कारण गाडी एका दिशेने धावते, डाकू बाजूने घोडे आणतात, आणि डबा पुढचा की मागचा याचा गोंधळ कधी होत नाही. ‘आरआरआर’मध्ये पुलाच्या दोन बाजूंनी दोन माणसं एका दोराला लटकून झोके घेतात आणि जळत्या नदीतून मुलाला काढतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही. तरी आपण मानतो, कारण पूल, दोर, घोडा, मोटारसायकल, मुलगा आणि आग यांतली प्रत्येक वस्तू उडीच्या आधी आपल्याला नीट दाखवलेली असते.

दुसरी तक्रार संकलकांकडे. घाव बसायच्या आत तुम्ही कट करता. सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी बारा-पंधरा चौकटींत एक शॉट संपतो, पुढच्या शॉटमध्ये तलवार भलत्याच कोपऱ्यात असते, डोळा तिला शोधेपर्यंत तोही शॉट गेलेला असतो. कटांची संख्या हा दोष नाही. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) दोन तासांचा आहे आणि त्यात सुमारे २,७०० कट आहेत, म्हणजे सरासरी अडीच-पावणेतीन सेकंदांना एक. तरीही काही हरवत नाही. तिथे कॅमेऱ्यामागच्या माणसांना सूचनाच होती की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यभागी ठेवा. त्यामुळे कट झाला तरी नजर जागची हलत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्या संकलनासाठी ऑस्कर मिळालं. तुमच्याकडे मध्यभाग ठरलेला नसतो, आणि वेगाने कापलं की लढाई वेगवान वाटेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात वेग हरवतो. डोळ्याला मागोवा घेता आला तरच वेग कळतो.

हाँगकाँगच्या मंडळींची जुनी रीत इथे कामाची आहे. वार सुरू होतो तो दुरच्या शॉटमध्ये, बसतो तो जवळच्या शॉटमध्ये, आणि जोडताना शेवटच्या दोन-तीन चौकटींची हालचाल दुसऱ्या शॉटमध्ये पुन्हा येऊ देतात. घड्याळाने पाहिलं तर ही चूक आहे. डोळ्याने पाहिलं तर घाव दुप्पट बसतो. जॅकी चॅन यांनी ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) मॉलच्या उंच खांबावरून घसरत खाली येण्याचा स्टंट केला, हात भाजून घेतले, आणि ती उडी पडद्यावर तीन बाजूंनी तीनदा दाखवली. ती खरी होती, म्हणून तीनदा दाखवता आली. तुमची उडी एकदाही धड पाहता येत नाही. लपवण्यासाठीच कट केला की काय, अशी शंका मग येतेच.

तिसरी तक्रार शस्त्रांची, आणि इथे थोडं थांबतो, कारण हा ठेवा खास आपला आहे. पट्ट्याची, म्हणजे दांडपट्ट्याची, मूठ हाताला कोपरापर्यंत झाकते. मनगट आत जखडलेलं असतं, ते वळत नाही. म्हणून पट्ट्याचा वार मनगटातून येत नाही, खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि पट्टेकऱ्याला सतत पायांवर फिरावं लागतं. तो ज्या वर्तुळात फिरतो त्या वर्तुळात कोणी येऊ शकत नाही, यातच पट्ट्याचा धाक आहे. हे दाखवायचं तर डोक्यापासून पावलांपर्यंत माणूस चौकटीत हवा, आसपास पाच-सहा फूट मोकळी जागा हवी आणि एक शॉट किमान चार-पाच सेकंद टिकायला हवा. तुम्ही काय करता? चेहरा जवळून, मग पात्याची चमक, मग रक्ताची चिळकांडी. पायच दिसत नाहीत. पवित्रा दिसला नाही तर पट्टा आणि साधी तलवार यांत फरक काय राहिला?

कोल्हापूरच्या आखाड्यांत मर्दानी खेळ आजही शिकवला जातो. फरी-गदगा (ढाल आणि काठी), लाठी, विटा (दोरी बांधलेला भाला), पट्टा. तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापणारे हात तिथे आहेत. शिर, तमाचा, बाहेरा या वारांना नावं आहेत, प्रत्येकाची रोखही ठरलेली आहे. तुमच्या बऱ्याच लढायांत मावळा, मोगल आणि आदिलशाही सैनिक एकाच पद्धतीने लढतात, आणि ती पद्धत परदेशी तलवारपटांतून उचललेली असते: दोन्ही हातांनी मूठ धरून डोक्यावरून घाव. आपल्या तलवारीची मूठ एका हाताची, दुसऱ्या हातात ढाल. ढालीने नुसतं अडवत नाहीत, ढकलतात, समोरच्याची नजर झाकतात, तिच्या आडून वार काढतात. ढाल पाठीला बांधून नायक लढतो तेव्हा अर्धी लढाई तुम्ही घरी ठेवून आलेले असता.

शस्त्राच्या वजनाचंही तसंच. चित्रीकरणाला ॲल्युमिनियमची किंवा फायबरची पाती लागतात, ते योग्यच आहे, माणसं जखमी व्हायला नकोत. पण हलकं पातं हातात आलं की नट ते छडीसारखं झटकतो. खरी तलवार साधारण किलोभर वजनाची. चालवली की खांदा तिच्यामागे जातो, वार चुकला की तोल जातो, आणि सावरायला अर्धा क्षण लागतो. त्या अर्ध्या क्षणातच समोरच्याला संधी मिळते, लढाई तिथेच रंगते. म्हणून तालीम वजनदार पात्याने करून घ्या आणि चित्रीकरण हलक्याने. शरीराला सवय झालेली असते, ती टिकते. ॲल्युमिनियमच्या पात्याला घाव बसून खाचा पडतात, खाचेच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. दोन टेकच्या मध्ये कानस मारणारा एक माणूस हवाच.

आता केबल. माणूस उडवायला रॅचेट लावता, दाबाच्या हवेने दोर खेचला जातो आणि फायटर मागे फेकला जातो. हे तंत्र उत्तम आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी. घाव लागण्याच्या एक-दोन चौकटी आधीच दोर खेचला जातो, आणि खेच पाठीत वर बांधल्यामुळे माणूस फळीसारखा ताठ मागे जातो. खऱ्या धक्क्याने आधी कंबर मागे जाते, हातपाय पुढे लोंबतात, मान शेवटी. दोर कमरेच्या उंचीवर घ्या, खेच घावानंतर द्या, लवकर झाली असेल तर त्या चौकटी संकलनात काढा. नायक स्वतः उडत असेल तर उडण्याआधी गुडघे वाकू द्या आणि उतरल्यावर जमिनीला ते कळू द्या: धूळ, चिखल, सरकलेलं पाऊल. तेवढ्याने वीस फुटांची उडीही पचते. गुडघे न वाकवता घेतलेली पाच फुटांची पचत नाही.

चौथी गोष्ट किमतीची. लढाईत नायकाचं काय गेलं?

सभासदाच्या बखरीत सिंहगडची झुंज मोजक्या ओळींत आहे. त्यात तानाजींच्या डाव्या हातातली ढाल तुटते. दुसरी ढाल वेळेवर मिळत नाही. मग ते डाव्या हाताचीच ढाल करतात, त्यावर वार झेलतात आणि लढत राहतात. उदेभान आणि तानाजी दोघंही पडतात. फाइटमास्टरांनो, ही चार वाक्यं पुन्हा वाचा. देमारपटाला जे जे लागतं ते यात आहे. एक वस्तू हातात होती, ती गेली. मदत येईल असं वाटलं, आली नाही. मग माणसाने स्वतःचं शरीर त्या वस्तूच्या जागी ठेवलं. प्रत्येक पायरीला नवा पेच आणि प्रत्येक पेचाची किंमत मागच्यापेक्षा जास्त. याला अतिशयोक्तीची जोड द्या, तो हात पंधरा वार झेलू दे, आम्ही उभं राहून टाळ्या देऊ. पण ढाल तुटण्याआधी ती ढाल आम्हाला दाखवा, तिच्यावर तडा पडताना दाखवा, आणि दुसरी ढाल घेऊन धावणारा मावळा कुठे अडकला तेही दाखवा. तुमचा नायक वीस जखमा घेऊन वीस मिनिटं त्याच वेगाने लढतो. पहिल्या मिनिटाचा आणि विसाव्या मिनिटाचा शॉट अदलाबदल केला तरी फरक पडत नाही. मग बघणाऱ्याने कशाची काळजी करायची?

नियमही हवेत. एस. एस. राजामौली यांच्या ‘ईगा’मध्ये (२०१२) नायक मरून माशी होतो आणि बदला घेतो. कल्पना याहून अचाट कुठली असणार? पण माशीचा आकार, माशीचं बळ, पाण्याच्या थेंबाची आणि हाताच्या फटक्याची भीती चित्रपट एकदाही विसरत नाही, म्हणून आपण माशीसाठी जीव मुठीत धरून बसतो. तुमच्या नायकाला काय करता येतं आणि काय येत नाही, हे पहिल्या लढाईत ठरवा आणि शेवटच्या लढाईत पाळा.

शत्रूबद्दल थोडक्यात, कारण हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं. अफझलखान बावळट दाखवला तर प्रतापगड लहान होतो. समोरचा ताकदवान, हुशार, तयारीचा असला पाहिजे. त्याने एक तरी डाव जिंकला पाहिजे.

स्लो मोशन निर्णयाच्या क्षणी वापरा: माणूस वळतो, बघतो, ठरवतो, तिथे. प्रत्येक घावाला वापरलात तर सगळी लढाई पाण्याखाली चालल्यासारखी वाटते. खोट्या सैन्याचं म्हणाल तर पुढच्या तीन-चार रांगा खऱ्या माणसांच्या ठेवा, संगणकावरचं सैन्य त्यांच्या मागे, धुळीत. संगणकाची आग असेल तर तिचा हलता उजेड सेटवरच चेहऱ्यांवर पाडा, नंतर तो येत नाही. पाऊस मागून प्रकाश दिल्याशिवाय दिसत नाही, समोरून दिला की नुसती ओली माणसं दिसतात. आणि म्यान लाकडाचं, वर चामडं. त्यातून तलवार उपसताना घंटेसारखा आवाज येत नाही.

आवाजावरून आणखी एक. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण करताना चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्राचा काटा ७ वर धरलेला असतो, तिथे प्रत्येक मुख्य चॅनलची संदर्भ पातळी ८५ डेसिबल. तुम्ही सगळी लढाई कमाल आवाजात भरता. प्रेक्षक कान झाकतात, थिएटरवाला काटा खाली आणतो, आणि मग पुढच्या प्रसंगातले संवाद ऐकूच येत नाहीत. उजेडाचंही तसंच. डिजिटल प्रक्षेपणाचं प्रमाण पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) आहे. तालुक्याच्या गावातला जुना दिवा असलेला प्रोजेक्टर त्याच्या खाली असतो. तुमच्या स्टुडिओत सुंदर दिसणारी निळी-काळी रात्र तिथे नुसती काळी होते. सिंहगडावरची चढाई रात्रीची आहे हे आम्हाला माहीत आहे, पण ती बघायचीही आहे.

शेवटची तक्रार सगळ्यात गंभीर. नोव्हेंबर २०१६ मध्ये कर्नाटकात एका चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून जलाशयात उडी घेतलेले दोन कलाकार बुडाले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हतं. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत गाडी उलटवण्याचा स्टंट करताना एक अनुभवी स्टंटमन गेला. आमच्या टाळीसाठी कोणाचा जीव जावा, अशी टाळी आम्हाला द्यायची नाही. उंचीवरून पडायचं दृश्य माणसाच्या वजनाच्या वाळूच्या पोत्याने आधी करून बघता येतं. हार्नेस बांधणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या कोणीतरी एकदा, असं दोनदा तपासता येतं. यात वेळ जातो, एवढाच खर्च. घोड्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागतेच, ती कागदावर न ठेवता घोड्याला पाडण्याचे प्रकार खरोखर बंद करा.

आमच्या मागण्या अशा.

प्रत्येक मोठ्या लढाईची पूर्ण तालीम चित्रीकरणाआधी मोबाइलवर चित्रित करा, पुठ्ठ्याची खोकी भिंती म्हणून मांडून. त्या चित्रणात लढाई कळली नाही तर सेटवरही कळणार नाही. ते संकलकाला दाखवा आणि तिथेच दुरुस्त करा.

मर्दानी खेळाच्या वस्तादांना मानधन देऊन, नावासह, पहिल्या दिवसापासून घ्या. पोस्टरच्या दिवशी फोटोसाठी बोलावू नका.

एका लढाईत निदान एक वार असा ठेवा, जो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच शॉटमध्ये, पूर्ण शरीरासह दिसेल.

फायटर आणि डुप्लिकेट यांची नावं श्रेयनामावलीत वाचता येतील अशा आकारात आणि वेगात द्या. राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाला २०१६ च्या चित्रपटांपासून जागा मिळाली, ऑस्करमध्येही २०२८ च्या सोहळ्यापासून स्टंटसाठी पुरस्कार सुरू होणार आहे. ज्यांच्या अंगावर निळे डाग पडतात त्यांची नावं आम्हाला हवी आहेत.

स्टंट असलेल्या प्रत्येक दिवशी सेटवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर, प्रत्येक फायटरचा विमा, आणि ‘आज हा स्टंट करणार नाही’ म्हणणाऱ्याचं पुढचं काम न तोडण्याची लेखी हमी.

अंतिम प्रत मंजूर करण्याआधी एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या साध्या थिएटरात, भरल्या प्रेक्षकांत एकदा चालवून बघा. पडद्याकडे पाठ करून बसा आणि लोकांचे चेहरे बघा. लढाईत लोक कुठे मोबाइल काढतात, ती मिनिटं लिहून घ्या आणि परत जाऊन ती कापा.

आपला,
पहिल्या आठवड्यात तिकीट काढणारा एक प्रेक्षक